पहिला केग घेताना

घरी केलेल्या बिअरच्या दर बॅचला २९ बाटल्या धुवून हात गळायला लागले म्हणून शेवटी १९ लिटरचा कॉर्नी केग (बिअर भरायची स्टीलची उभी टाकी) घेतला, बॉल लॉकवाला (नळ्या दाबून बसवायच्या जोडाचा), जुनाच. जुना घ्या खुशाल, पण सगळ्या ओ-रिंग (जोडातल्या रबरी रिंगा) फूड ग्रेडच्या नव्या टाका, जुन्या रबरात आधी भरलेल्या कोल्ड्रिंकच्या सिरपचा वास मुरलेला असतो आणि तो बिअरमध्ये उतरतोच.

पैसे वाचवायचे तर रेग्युलेटरवर, म्हणजे सिलिंडरमधल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रेशर कमी करून केगला देणाऱ्या भागावर, अजिबात नको! उद्यमनगरात वेल्डिंगचा रेग्युलेटर स्वस्तात मिळतो, पण आपल्याला लागतं १०-१२ पीएसआय, एवढं कमी प्रेशर त्यावर नीट सेटच होत नाही. बिअर ४ डिग्रीला १२ पीएसआयवर आठवडाभर ठेवली की मस्त फेस येतो. आणि हो, जॉइंटला साबणाचं पाणी लावून बघाच, बारीक लीक असला तर रात्रीत सिलिंडर रिकामा.