रिपोर्ट बंद केला म्हणून सर्व्हर पडला

शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजर म्हणाले, तो रात्री दोनचा रिपोर्ट कोणी वाचत नाही, काढून टाक. कुठल्या बँकेकडून आमच्या सर्व्हिसला किती रिक्वेस्ट आल्या त्याची मोजदाद, बाकी काही नाही. मी ती एक ओळ कॉमेंट करून बंद केली, डिप्लॉय केलं म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवला नि घरी आलो.

रविवारी साडेअकराला मटण शिजत होतं आणि फोन वाजला. सर्व्हिस मेली, ८ जीबी मेमरी फुल, लिनक्सने मारून टाकली. आता रिपोर्ट बंद केल्यावर काम कमी व्हायला पाहिजे ना, वाढेल कसं? मला आधी वाटलं दुसऱ्या कोणीतरी काहीतरी ढकललं असेल, पण लॉगमध्ये शेवटचा डिप्लॉय माझाच.

मग जुना ग्राफ उघडला. रोज मेमरी दिवसभर चढत जाऊन ५ जीबीपर्यंत पोचायची आणि रात्री दोनला धपकन खाली. हा करवतीसारखा ग्राफ आम्ही दोन वर्षं बघत होतो आणि म्हणायचो की गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेली मेमरी मोकळी करणारा, रात्री निवांत काम करतो. काय बोलायचं आता.

सर्व्हिस हॅस्केल ह्या प्रोग्रामिंग भाषेत आहे आणि हॅस्केल लेझी, म्हणजे उत्तर कोणी मागितल्याशिवाय हिशोबच करत नाही. प्रत्येक रिक्वेस्टला आमचा कोड एका आयओरेफमधल्या (आतली गोष्ट बदलता येणारा डबा) मॅपमध्ये (नावं आणि त्यांच्यापुढे आकडे) त्या बँकेच्या नावापुढे एक मिळवायचा. मिळवायचा म्हणजे मिळवत नव्हताच, 'आधीचा जो काय मॅप असेल त्यात एक मिळव' अशी चिठ्ठी लिहून ठेवायचा. ह्या चिठ्ठीला थंक म्हणतात. पुढची रिक्वेस्ट आली की त्या चिठ्ठीवर अजून एक चिठ्ठी. किराणावाल्याने उधारीची बेरीज कधी करायचीच नाही आणि नुसत्या चिठ्ठ्या तारेला टोचत राहायच्या, तसं. त्यात बँकेचं नावही रिक्वेस्टमधून काढायचं बाकीच होतं, त्यामुळे प्रत्येक चिठ्ठीने अख्खी रिक्वेस्ट धरून ठेवलेली. रात्री दोनला रिपोर्ट आकडे मागायचा, सगळी माळ एका झटक्यात सुटायची आणि मेमरी मोकळी व्हायची. म्हणजे दोन वर्षं आमची सर्व्हिस त्या कोणी न वाचणाऱ्या रिपोर्टवर जगत होती आणि मी तोच बंद केला.

खात्री करायला मायनस एचटी हा पर्याय लावून हीप प्रोफाइल, म्हणजे मेमरी कशाकशाने भरलीय त्याचा ग्राफ, काढलं. खाली थंकचा पट्टा, त्यावर एआरआर वर्ड्सचा जाडजूड पट्टा, म्हणजे त्या अडकलेल्या रिक्वेस्टचे बाइट्स. दोन्ही चढतेच.

फिक्स सोपा वाटला. मॅप बदलणाऱ्या ॲटॉमिक मॉडिफाय फंक्शनच्या नावापुढे ती एक छोटी प्राइमची (') खूण टाकायची, की लगेच हिशोब होतो. टाकली, मटण गरम करून खाल्लं. सोमवारी बघतो तर ग्राफ अजून चढतोय! चढ एकदम कमी, पण चढ आहेच. इथे मी खरंच हैराण झालो, कारण प्राइम आहे म्हणजे स्ट्रिक्ट, सगळा हिशोब लगेच, असंच डोक्यात बसलेलं. पण ते मॅपला फक्त वरून उघडतं. मॅप आतून झाडासारखा असतो, त्या झाडाचा सांगाडा उभा राहतो, बँकेचं नाव तपासावं लागतं म्हणून रिक्वेस्ट सुटते, पण पानांवरचे आकडे तसेच, 'एक अधिक एक अधिक एक' करत गुंडाळलेले. इम्पोर्टमध्ये साध्या मॅपऐवजी डेटा मॅप स्ट्रिक्ट लिहिलं, जो आकड्यांचाही लगेच हिशोब करतो, आणि रेघ सरळ झाली.

शेजारी बसणारा ओकॅमल ह्या दुसऱ्या भाषेत काम करणारा दिवसभर हसत होता, आमच्याकडे असलं होत नाही म्हणे, आधी आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला द्यायची किंमत, काढतो मग फंक्शन चालवतो. खरंय त्याचं. मी त्याला एमआयटीतल्या अरविंद यांच्या ग्रुपची 'आयडी' नावाची भाषा सांगितली, आपले आयआयटी कानपूरचे ते. तिचा प्रकार लेनियंट. फंक्शन आर्ग्युमेंटसाठी अडून बसत नाही, पण कोणी मागेपर्यंत हिशोब लांबणीवरही पडत नाही, सगळं बाजूबाजूने सुरू होतं. तिथे आमच्या चिठ्ठ्या साठल्या नसत्या. तो म्हणाला, मग अनंत लिस्ट लिहिली की? मी म्हटलं, मग संपतच नाही, ते हॅस्केलसारख्या लेझी भाषेलाच जमतं.

संध्याकाळी कोडच्या सगळ्या रेपोत ग्रेप मारला, म्हणजे शोध घेतला, तर अजून अकरा ठिकाणी तोच लेझी मॅप निघाला. ब्लेम काढला, म्हणजे कुठली ओळ कोणी लिहिली ते बघितलं, त्यातले चार माझे.