पुलाखालच्या जागेत स्केटपार्क का नको?

माटुंग्याच्या फ्लायओव्हरखाली बाग झाली तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय, मुंबईत एखाद्या पुलाखाली स्केटपार्क, म्हणजे चाकांच्या फळीवर उभं राहून स्केटबोर्डिंग करायची जागा, का नको? अमेरिकेत पोर्टलंडला १९९० मध्ये बर्नसाइड पुलाखाली पोरांनी कोणाची परवानगी न घेता स्वतःच सिमेंटचे उतार बांधायला घेतले आणि तिथल्या पालिकेने ते तोडायच्या ऐवजी नंतर चक्क मान्य केले. भारीच ना!

तसंही हा खेळ कायम दुसऱ्याच कामासाठी बांधलेल्या जागांवर वाढलाय. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातले सर्फर लाटा नसल्या की फळीला चाकं लावून रस्त्यावर यायचे, पण चाकं कडक, खडा आला की माणूस तोंडावर. सत्तरीत युरेथेनची, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकची चाकं आली, रस्त्याला धरून चालणारी, आणि मग १९७६-७७ च्या दुष्काळात तिथले स्विमिंग पूल रिकामे पडले तर पोरं चोरून आत शिरून त्या गोलाकार भिंतींवर चढायला लागली. आजच्या पार्कांमधले खोल बाउल, म्हणजे वाटीसारखे काँक्रीटचे खड्डे, तिथूनच आलेत.

आपल्याकडे तर पाऊस! ओली फळी फुगते, बेअरिंग गंजतात. पुलाखाली छप्पर आयतंच. फक्त काँक्रीट गुळगुळीत पाहिजे, पेव्हर ब्लॉक टाकले की संपलं, छोटी चाकं फटींवर अडखळतात. टोकियोपासून ऑलिम्पिकमध्ये आहे हा खेळ, त्यामुळे पोरांचा टाइमपास म्हणून उडवून लावू नका प्लीज. तुमच्या वॉर्डातल्या पुलाखाली सध्या काय आहे, कमेंटमध्ये सांगा, आपण मिळून पालिकेला पत्र लिहू.