थैलीतले दोन दगड

बायबलमधल्या देवाला कशाकशाचा वीट येतो ते पाहत गेलं, तर बहुतेक नावं अपेक्षित निघतात: मूर्ती, खोटी साक्ष, उन्मत्त डोळे, लबाड जीभ. पण याच पंगतीला एक जिन्नस असा बसलाय, जो थेट वाण्याच्या दुकानातून उठून आलाय. तराजू. बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाचा अकरावा अध्याय उघडतो तोच मुळी खोट्या तराजूने. परमेश्वराला त्याचा वीट आणि खऱ्या वजनात त्याला संतोष. विसाव्या अध्यायात हीच तक्रार पुन्हा दोनदा येते. एवढं असूनही संडे स्कूलमध्ये हे वचन आम्हाला कुणी पाठ करायला लावलं नाही. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ घडाघडा म्हणून दाखवलं की टाळ्या पडायच्या. तराजूला कोण टाळ्या देणार?

वय वाढत गेलं तशी मला मात्र ही वाणसामानाची वचनंच जास्त जवळची वाटू लागली. तांबडा समुद्र दुभंगला हे मी मानते. पण रोजच्या दिवसात समुद्र आडवा येत नाही, गवारीचा पाव किलो येतो.

त्या काळचा व्यवहार कसा चालायचा ते कळलं की या वचनांना धार चढते. नाणी अजून यायची होती. चांदी तोलून द्यायची, धान्य मापून घ्यायचं. अब्राहामाने आपल्या बायकोच्या, साराच्या दफनासाठी हेब्रोनजवळ शेत आणि गुहा विकत घेतली, तेव्हा चारशे शेकेल चांदी अशीच चारचौघांसमक्ष तोलून दिली. वजनं दगडाची असत. यहूदाच्या भागात झालेल्या उत्खननांत ती सापडली आहेत: चुनखडीची, बूड सपाट, माथा घुमटदार, वर कोरलेली खूण. एक शेकेल म्हणजे साधारण सव्वाअकरा ग्रॅम, आपल्या जुन्या तोळ्याहून किंचित कमी. एवढासा दगड एक जरा जड आणि एक जरा हलका ठेवला, तर गिऱ्हाइकाला डोळ्यांनी काय कळणार? म्हणून मोशेच्या नियमांच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात बजावलंय की तुझ्या थैलीत एक मोठं, एक लहान अशी दोन वजनं नसावीत. घरातही दोन तऱ्हेची मापं नसावीत. घेताना जड, देताना हलकं, ही युक्ती निदान तितकी जुनी आहे. ‘मापात पाप’ म्हणणारा मराठी माणूस तिला लगेच ओळखेल.

आमोस संदेष्ट्याने तर अख्खी पेढीच उघडी पाडली. हा तकोवाचा मेंढपाळ, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला. त्याने व्यापाऱ्यांच्या मनातलं मोठ्याने बोलून दाखवलं: शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा दिवस) कधी एकदा संपतो आणि आम्ही गहू विकायला काढतो, एफा लहान करू, शेकेल मोठा करू. एफा हे धान्याचं माप. ते लहान केलं की गिऱ्हाइकाच्या झोळीत धान्य कमी पडतं, आणि शेकेल मोठा केला की त्याच्याकडून चांदी जास्त येते. दोन्ही हातांनी लूट. वर गव्हाचा गाळसाळही खपवायचा. मला यात सगळ्यात बोचते ती गोष्ट निराळीच. हे लोक शब्बाथ मोडत नाहीयेत! दुकानाला कुलूप आहे, मंडळी नियमशीर बसली आहेत, फक्त मन फळीवर आहे. आमच्याकडे चर्चमध्ये पाळकांचा संदेश लांबला की मागच्या बाकांवर जी चुळबुळ सुरू होते, तिचा आमोसाशी काही संबंध नाही, असं मी स्वतःला समजावते.

‘आपल्यासारखीच आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर’ हे वाक्य येशूमुळे जगभर गेलं, पण ते मुळात बायबलमधल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातलं. तिथे त्याच्या आजूबाजूला कोण राहतं ते पाहावं. शेताच्या कडेचं पीक कापून नेऊ नको, गरिबाला आणि परक्याला राहू दे. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको. आंधळ्याच्या वाटेत काही अडखळायला ठेवू नको. पिकल्या केसांचा माणूस आला तर उठून उभा राहा. आणि शेवटाकडे पुन्हा आपला तराजू: खरी वजनं, खरा एफा, खरा हिन (हे पातळ पदार्थांचं माप). प्रीती म्हणजे नेमकं काय, असं या अध्यायाला विचारलं तर तो मनातल्या उमाळ्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवलीस का, एवढंच विचारतो.

हा मजुरीचा प्रश्न मला तराजूइतकाच घरचा वाटतो. एक तारखेला कामाच्या ताई भांडी आटोपून, पदराला हात पुसत दाराशी उगाच रेंगाळतात. त्या मागत नाहीत. आपल्याला कळत असतं. ‘अहो, सुट्टे नाहीत हो, उद्या देते’ हे वाक्य कित्येक घरांत किती गोड आवाजात निघतं! आपल्या हिशेबात त्या ‘उद्या’ला किंमत नसते, त्यांच्या घरी सिलिंडरवाला त्याच दिवशी यायचा असतो. हल्ली फोनवरून पैसे पाठवता येऊ लागले, तेव्हापासून तर सुट्ट्यांचं निमित्तही गेलं. तरी ‘उद्या’ काही गेला नाही.

दुकानातला तराजू आता बराच सुधारला. १९५६ च्या कायद्याने शेर-मण मागे पडून किलो-ग्रॅम आले, २००९ मध्ये वैध मापनशास्त्र कायदा झाला. काट्यांची, वजनांची सरकारी पडताळणी होते, शिक्का बसतो. जुन्या लोखंडी वजनाच्या बुडाशी एक खाच असते, तिच्यात शिसं ओतलेलं असतं आणि त्या मऊ शिशावर शिक्का ठोकलेला असतो. लहानपणी आई भाजी निवडत असली की ते वजन उलटं करून त्यावरची अक्षरं वाचायचा मला नाद होता. एकूण काय, मोशेचं निम्मं काम निरीक्षकाने उचललं. मग ज्यांच्या घरात काटाच नाही, असे आपण सुटलो का?

थैली आहे की आपल्याकडे. आणि तिच्यात दोन दगड आहेत, वापरून वापरून चांगले गुळगुळीत झालेले. आपली गाडी नेहमी पिवळ्या दिव्यात निघालेली असते, पुढच्याने सिग्नल तोडलेला असतो. आपल्या मुलाला गुण कमी पडले तर पेपर अवघड होता. जावेच्या मुलाला पडले तर त्याचं अभ्यासात लक्षच नाही. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, वार्षिक सभेत आपण बोलतो ते तळमळीने, दुसरा बोलतो तो कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीत यायचंय म्हणून. आमच्या घरातल्या गृहस्थांना १०१ ताप चढला की घराचा दवाखाना होतो, पेज होते, फोन खणखणतात. मला तेवढाच चढला की, ‘जरा कणकण दिसतेय, एक गोळी घेऊन बघ.’ इथे कुठला निरीक्षक शिसं ओतून शिक्का मारणार? ज्या मापाने तुम्ही मापून देता त्याच मापाने तुम्हाला परत मापून देण्यात येईल, असं येशू म्हणाला. हे मी पांघरुणातूनच त्यांना ऐकवलं. त्यांनी थर्मामीटर झटकला आणि मुकाट माझ्या हातात दिला.

विक्रेत्यावरच सगळं खापर फोडून नीतिसूत्रं थांबत नाहीत, हे मला विशेष आवडतं. त्याच विसाव्या अध्यायात गिऱ्हाईकही रंगेहाथ सापडलंय. ‘वाईट आहे, वाईट आहे’ असं घेणारा म्हणतो आणि तिथून निघाला की फुशारकी मारतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शलमोन राजाच्या नावावर जमा असलेलं हे वचन, पण लिहिणाऱ्याने नगरच्या बाजारात एक फेरी मारली होती अशी माझी खात्री आहे. वांगं हातात घेऊन फिरवायचं, देठ दाबायचा, नाक मुरडायचं, ‘किडकी दिसतात हो’ म्हणायचं, दोन पावलं पुढे जायचं, हाक येईल म्हणून कान मागे ठेवायचा. आणि घरी आल्यावर पिशवी ओट्यावर उपडी करत, ‘बघ, कसली ताजी मिळाली, तीही तीस रुपयांत!’ घासाघीस करणं हे काही पाप नव्हे, असं माझं मत आहे. बाजाराला ती मिठासारखी लागते. चांगल्या वांग्याला किडकं म्हणणं मात्र खोटी साक्षच झाली, मग ती वांग्याविरुद्ध का असेना.

लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात मापाचा सूर एकदम बदलतो. द्या म्हणजे तुम्हाला दिलं जाईल. चांगलं माप दाबून, हालवून, शीग भरून पदरी घालतील. खळ्यावर पायली भरताना ज्याने पाहिलंय त्याला हे दाबणं-हालवणं ओळखीचं. आधी धान्य ओतायचं. मग माप हलवायचं, की दाणे खाली बसतात आणि वर जागा होते. ती भरायची, तळव्याने दाबायची, पुन्हा भरायची. शेवटी वर शीग चढवायची, दाणे कडेने ओघळू लागेपर्यंत. हात आखडता असेल तर काठावरून पट्टी फिरवायची आणि शीग कापून टाकायची. तेही माप खरंच असतं. कायदा त्याला नावं ठेवू शकत नाही. बायबलमधल्या रूथच्या गोष्टीत शेतमालक बवाजाने तिच्या चादरीत सहा मापं सातू घालून दिले तेव्हा त्याने पट्टी फिरवली असेल असं वाटत नाही.

आमच्या मंडळीत भाजी विकणाऱ्या एक मावशी आहेत. गवारीवर त्या सकाळपासून पाणी मारत राहतात, गोणपाटही ओलं ठेवतात. नाहीतर उन्हाने दुपारपर्यंत गवार सुतळी होते. तोलताना काट्यावर पाव किलोचा आकडा आला की त्या वर आणखी एक मूठ टाकतात आणि मगच पिशवीत ओततात. मला वाटायचं, ओळखीचं गिऱ्हाईक म्हणून. पण अनोळख्यालाही तेच. एकदा विचारलं. म्हणाल्या, ‘बाई, पाणी मारलंय न्हवं त्यावर? पाण्याचं पैसं कसं घेऊ?’ मी उत्साहाने त्यांना नीतिसूत्रांचा अकरावा अध्याय सांगायला घेतला. त्यांनी ऐकून घेतलं. ‘असंल. माझी आई असंच घालायची,’ म्हणाल्या आणि पुढच्याचे टोमॅटो तोलायला लागल्या.

याच मावशी दर वर्षी कापणीच्या सणाला एक दणदणीत लाल भोपळा देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आणून ठेवतात. त्या दिवशी वेदीपुढे पाय ठेवायला जागा नसते: ज्वारीची कणसं, उसाची मोळी, अंडी, लोणच्याच्या बरण्या, कुणाची तरी पाय बांधलेली कोंबडी, जी प्रार्थनेच्या ऐन मध्यावर बोलते. उपासना झाली की लिलाव. तिथे वजन कुणी विचारत नाही. पन्नास रुपयांचं लोणचं पाचशेला जातं, घेणारा ते तिथेच परत दान करतो आणि ते पुन्हा बोलीवर चढतं. गेल्या सणाला तो भोपळा एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी चुरशीने आठशे रुपयांना घेतला आणि रिक्षात मांडीवर घेऊन घरी नेला.

दुसऱ्या दिवशी मी मावशींकडे भाजी घेत असताना बाई आल्या. गवार उचलली, मोडून पाहिली आणि म्हणाल्या, ‘किती जून आहे! तीस रुपये पाव कुठे असते? पंचवीस लावा.’

‘काल भोपळ्याला आठशे मोजलं की तुम्ही,’ मावशी म्हणाल्या.

‘अहो, ते देवाला होतं!’

मावशींनी पाव किलो तोलली, वर एक मूठ टाकली. बाईंनी चष्म्यावरून त्या मुठीकडे पाहिलं, तीस रुपये काढून ठेवले आणि पिशवीचं तोंड मोठं करत म्हणाल्या, ‘बरं, मग कढीपत्ता तरी घाला थोडा.’