साडेचार फुटांतलं लंडन

बॉम्बहल्ल्यातल्या कुटुंबाचं नाटक राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवायचं ठरलं की नेपथ्याचे पैसे पडक्या भिंतींवर जातात. लंडनची गोष्ट असेल तर ते वाचवा. 7 सप्टेंबर 1940 पासून लंडनवर सलग 57 रात्री बॉम्ब पडले आणि कितीतरी कुटुंबांनी त्या रात्री परसातल्या पत्र्याच्या खोपटात काढल्या. नाटक त्या खोपटात आहे.

त्याला अँडरसन शेल्टर म्हणत. नालीदार पत्रे माथ्याशी वाकवून बोल्टने जोडलेले, सुमारे चार फूट जमिनीत पुरलेले, वर पंधरा इंच माती. लांबी साडेसहा फूट, रुंदी साडेचार, उंची सहा. माणसं सहा! नटांना हलायला जागा हवी म्हणून दिग्दर्शक हळूहळू आठ फुटांवर येतो आणि प्रवेश सैल पडतो. माप मोडू नका. तालमीच्या पहिल्याच दिवशी खडूने चौकोन आखा आणि सहा जणांना आत बसवा. गुडघ्याला गुडघा लागतो. एकाने पाय पसरले की दुसऱ्याला आखडावे लागतात. आईला धाकट्याच्या अंगावर पांघरूण घालायचं तर आजोबांवरून हात न्यावा लागतो. संहितेत नसलेल्या निम्म्या हालचाली इथे आपोआप सापडतात.

खरा पत्रा वापरू नका. तो जड, कडेने हात कापणारा, आणि कुणी नुसतं टेकलं तरी असा वाजतो की वाक्य बुडतं. वायरिंगचा 25 मिमीचा पीव्हीसी पाइप घ्या. प्रेक्षकांकडची लांब बाजू उघडी ठेवायची असल्याने अर्धी कमानच लागते: पावणेचार फूट सरळ, मग साडेतीन फुटांचा वळसा, म्हणजे एका कमानीला सव्वासात फूट. वाकवताना आत स्प्रिंग घाला, नाहीतर पाइप चेपतो. दर तीन इंचांवर एक, असे 27 पाइप खाली लाकडी पट्टीत आणि वर माथ्याच्या बत्त्यात (आडव्या लाकडी दांड्यात) बसवा. बत्ता दोन्ही टोकांना खांबांवर. वरून फेविकॉलच्या पाण्यात भिजवलेला मांजरपाट टाका आणि दोन पाइपांमध्ये बोटाने दाबत जा. ताणून लावला तर नाली दिसणारच नाही, सपाट तंबू होईल. वाळल्यावर राखाडी रंग, बोल्टांच्या जागी थोडा तांबूस गंज.

या शेल्टरांचा मोठा त्रास पाण्याचा होता. खड्डा पावसाने भरायचा. रंगमंचावर खरं पाणी आणू नका. ओलं गोणपाट, त्यावर फळी, आणि पत्र्याच्या बादलीत पाणी उपसायचा मग खरवडल्याचा आवाज पुरतो. मेणबत्ती एलईडीची.

आवाजात सगळ्यात जास्त चुका होतात. धोक्याचा भोंगा चढतो-उतरतो, धोका टळल्याचा एका सुरात चालतो. नाशिकच्या प्रेक्षकासमोर हे उलटं करू नका. हवाई हल्ल्याच्या भोंग्यांचाही सराव असलेल्या 7 मे 2025 च्या देशव्यापी मॉक ड्रिलच्या यादीत नाशिक, सिन्नर, मनमाड होते. बॉम्ब लांब पडला असेल तर हादरा आवाजाच्या आधी पोचतो, कारण जमिनीतून लाट हवेपेक्षा वेगाने येते. म्हणून आधी फळीवरचा कप किणकिणू द्या, नटांच्या माना वर जाऊ द्या, मग स्फोट. साउंड ऑपरेटरने कपाकडे बघून बटण दाबायचं, संवादाकडे बघून नाही.

धुळीसाठी चाळलेली मुलतानी माती, माथ्यावरच्या जाळीच्या पिशवीतून चिमूटभर. सिमेंट नको, डोळे आणि छाती जाते. मैदाही नको; हवेत उडालेलं पीठ दिव्याच्या उष्णतेजवळ पेट घेऊ शकतं.

सकाळच्या प्रवेशात घराची एक खिडकी दाखवा. तुकडे अंगावर उडू नयेत म्हणून लोक काचेवर कागदाच्या पट्ट्या आडव्यातिडव्या चिकटवत. ॲक्रिलिकचे वेडेवाकडे तुकडे कापून पट्ट्यांना उलट्या बाजूने लटकवा, दोन-तीन जागा मोकळ्या सोडा. आई आत येते, एक तुकडा पट्टीसकट अलगद सोडवते आणि केरसुणी शोधायला जाते.