उपासाला न चालणारं रताळं

बाटली हातात आली की आधी फिरवून मागचं लेबल वाचायचं, ही माझी जुनी खोड. सॉस असो, शांपू असो, खोकल्याचं औषध असो. कोणी केलंय, कुठल्या गावात केलंय, आत काय काय घातलंय, सगळं. मिठाची पिशवीसुद्धा माझं वाचून झाल्याशिवाय डब्यात रिकामी होत नाही. लेक म्हणतो, आई कादंबरी सोडून बाकी सगळं वाचते. वाचते तर वाचते. कादंबरीच्या मागे आत काय घातलंय ते लिहिलेलं नसतं.

जपानमधल्या कावागोए गावात त्या दुपारी हातात बिअरची बाटली आली, मी सवयीने ती फिरवली, आणि मागे सगळं जपानी! चित्रं बघितल्यासारखी मी ती अक्षरं बघत बसले.

आता साठीच्या बाईच्या हातात बिअर कशी, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. उन्हातून पायपीट करून आल्यावर मला अर्धा ग्लास बिअर आवडते. अर्ध्याच्या वर नाही, कारण मग झोप येते.

लेक-सून टोकियोत निशी-कासाईला राहतात. तिथे भाजीच्या दुकानात निम्म्या वेळा मराठीच कानावर पडतं, त्यामुळे जपानला आल्यासारखं वाटायला जरा बाहेरच पडावं लागतं. म्हणून सुनेने हे गाव काढलं. टोकियोतल्या इकेबुकुरो स्टेशनहून तोबू रेल्वेची जलद गाडी अर्ध्या तासात सोडते. टोकियोत जुनं टोकियो फारसं उरलेलं नाही, भूकंपात आणि बॉम्बफेकीत गेलं. ते कसं दिसत असेल हे बघायला टोकियोची माणसं सुट्टीच्या दिवशी कावागोएला येतात आणि या गावाला 'छोटं एडो' म्हणतात. एडो हे टोकियोचं जुनं नाव. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्याभोर, जाडजूड मातीच्या भिंतींची दुकानं. १८९३ साली मोठी आग लागली, तिसरा हिस्सा गाव जळालं. जी थोडी मातीच्या भिंतींची घरं होती त्यातली काही तगली. १७९२ सालचं एक तर अजून उभं आहे. ते बघून गावातल्या व्यापाऱ्यांनी नवी दुकानं तशीच बांधून घेतली. खिडक्यांची दारं इतकी जाड, की बँकेच्या तिजोरीची वाटावीत. मी एका दाराच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. दार लावलं की या पायऱ्या चौकटीतल्या पायऱ्यांत बसतात आणि धुराला शिरायला फट उरत नाही. आगीने शहाणपण शिकवलं असं म्हणायचं. पण शहाणपण दिसायलाही इतकं देखणं असावं, हे खास त्यांचंच.

घंटेचा लाकडी मनोराही त्याच आगीनंतर पुन्हा उभारलेला. दिवसातून चारदा वाजतो. तीनची घंटा आम्ही ऐकली. शेजारच्या सगळ्यांनी फोन वर धरले होते, त्यामुळे आम्हाला घंटा कमी आणि दंड जास्त दिसले.

आमच्याबरोबर थोरल्या वन्सं होत्या आणि त्यांची एकादशी होती. या एकादशीवरून सकाळी घरात एक परिसंवाद झाला. तिथी सूर्योदयाची धरायची, तर कुठल्या सूर्योदयाची? इथला सूर्य पुण्याच्या कितीतरी आधी उगवतो. लेक म्हणाला, "आत्या, तिकडे अजून एकादशी लागलीच नसेल." वन्सं म्हणाल्या, "मी कुठे आहे? इथे. मग इथली." विषय संपला. पर्समध्ये राजगिऱ्याचे लाडू घेऊन त्या निघाल्या.

आणि कावागोएत बघते तर काय, सगळं गाव रताळ्याचं! रताळ्याच्या लांब, पातळ काचऱ्या तळून कागदी पेल्यात तुऱ्यासारख्या उभ्या केलेल्या. रताळ्याचं जांभळं आइस्क्रीम. रताळ्याची चकती आणि अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड पुरण घातलेले वाफाळते बन. भाजलेली रताळी, रताळ्याचे पेढ्यासारखे काहीतरी, रताळ्याची बिस्किटं. वन्सं रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. "अगं, या गावाने उपास धरलाय की काय?"

इथे रताळी लावायला सुरुवात झाली १७५१ साली. नदीतून होड्या भरभरून ती एडोला जायची, तिथे भाजून विकली जायची. शेतकरी हिवाळ्यात झाडांची पडलेली पानं झाडून गोळा करतात, कुजवतात आणि तेच खत रताळ्यांना. ही पद्धत तीनशे वर्षांहून जुनी. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिला शेतीचा जागतिक वारसा म्हणून मान दिला. हे सगळं सून फोनवर वाचून सांगत होती. वन्सं काचऱ्या खात ऐकत होत्या. काचऱ्या कुठल्या तेलात तळल्यात याची चौकशी त्यांनी केली नाही, आणि मीही विषय काढला नाही.

तर बिअर. लेकाने एका छोट्या दुकानात स्वतःसाठी काळी आणि माझ्यासाठी ही तांबूस घेतली. कोएदो नावाची इथली बिअर आहे, रंगांवरून नावं ठेवलेले तिचे प्रकार आहेत. माझीचं नाव बेनिआका. सुनेने बाटली माझ्या हातातून घेतली, मागचं वाचलं आणि हसायला लागली. "आई, ही रताळ्याची आहे."

मी ग्लास उजेडात धरला. जुन्या मधाचा रंग, वर दोन बोटं फेस. फेस खाली बसताना काचेला चिकटून राहत होता. वास आधी काहीच नाही, मग साखर करपायच्या बेतात असताना येतो तसला. घोट घेतला तर गोड लागेल म्हणून जीभ तयार होती आणि कडू निघाली. सात टक्क्यांची, म्हणजे तशी दमदारच. घोट गिळून झाल्यावर, अगदी शेवटी, घशाच्या मागे कुठेतरी भाजलेल्या सालीची चव आली आणि मी तिथून एकदम सांगलीच्या मोरीत.

आमच्याकडे तांब्याचा बंब होता. मधोमध नळकांडं, खाली जाळी, जाळीखाली राख. शेणी, ढलप्या, करवंट्या, जे असेल ते वरून टाकायचं. पहाटेपासून एकेकाच्या आंघोळी व्हायच्या, आजोबा पहिले, मग काका, मग शाळेची मुलं. एकादशीच्या दिवशी मात्र शेवटच्या नंबरासाठी आम्हा पोरांत मारामाऱ्या. कारण शेवटची आंघोळ झाली की आजी जाळीखालच्या राखेत रताळी खुपसायची, आणि जो शेवटचा, त्याने ती उकरून काढायची. ही रताळी खास असायची. सरळ, गुबगुबीत, एकसारखी रताळी मोठ्या पातेल्यात उकडायला जायची, ती पाहुण्यांची आणि देवाची. बंबात जायची ती बोटाएवढी बारकी, वाकडीतिकडी, कुदळ लागून चिरलेली. बाजारात संध्याकाळी उठायच्या वेळेला बायका त्यांचा वाटा लावायच्या, जवळजवळ फुकटच. आजी मुद्दाम त्याच वेळेला जायची. म्हणायची, जाड रताळं राखेत आतून कच्चं राहतं.

उकरून काढलं की साल कोळसा झालेली. हाताला चटके, या हातातून त्या हातात. टोकाशी पाक फुटून बाहेर यायचा आणि करपून काळा, चिकट मणी व्हायचा. त्या मण्यासाठी मी सख्ख्या भावाला चावलेली आहे. त्याच्या मनगटावर खूण नाही, पण तो आहे असं सांगतो.

काय सांगत होते? हां, बिअर.

सुनेने वाचून काढलं ते असं. जपानात १९९४ पर्यंत बिअर करायची तर वर्षाला किमान वीस लाख लिटर करायची, नाहीतर परवानाच नाही. म्हणजे चार-पाच मोठ्या कंपन्यांशिवाय कोणाच्या बापाला जमणार? त्या वर्षी ती अट साठ हजार लिटरवर आणली, आणि मग गावोगाव बिअर निघाली. देवळाचं गाव, गरम झऱ्याचं गाव, किल्ल्याचं गाव, सगळ्यांची आपापली. पर्यटकांनी घरी नेताना खाऊच्या डब्याबरोबर एक बाटली न्यावी, एवढाच बऱ्याच जणांचा हिशेब. बिअर महाग आणि चव यथातथा, त्यामुळे काही वर्षांत त्यातल्या पुष्कळांनी गाशा गुंडाळला.

कोएदोवाले मुळात सेंद्रिय भाजीपाल्याचा व्यापार करणारे. त्यांच्याकडचे शेतकरी जमिनीचा कस राखायला मध्ये जव पेरायचे आणि तो तसाच नांगरून मातीत गाडायचे. यांना वाटलं, गाडण्यापेक्षा बिअर करू. पण जवाचं माल्ट करणं, म्हणजे तो मोडवून वाळवणं, हे आणखी वेगळंच काम, ते काही जुळेना. मग लक्ष गेलं रताळ्यांकडे. बाजाराला हवं असतं एका मापाचं, सरळ अंगाचं रताळं. बाकीचं चवीला तसंच असून पडून राहतं. १९९६ साली त्याची बिअर झाली. पुढे जर्मन उस्तादाला बोलावून हाताला वळण लावून घेतलं आणि २००६ साली नवं रूप देऊन पुन्हा बाजारात आणली.

ऐकून मला आजीच बसलीय समोर असं वाटलं. वाकडी रताळी वेगळी काढणारी माणसं जगात सगळीकडे असतात तर!

"पण आई, गंमत बघा," सून म्हणाली, "इथे लेबलवर बिअर लिहिलेलंच नाही." रताळं ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त घातलं म्हणून जपानी कायद्यात ती बिअर होत नाही, हाप्पोशू होते. फसफसणारं मद्य. सगळी खटपट रताळ्यासाठी, आणि रताळ्यामुळेच पंगतीबाहेर. मी खूश झाले. लेबल वाचल्याशिवाय हे कळलं असतं का?

बेनिआका हे रताळ्याच्या एका जातीचंही नाव आहे. १८९८ साली याच सायतामा प्रांतात यामादा इची नावाच्या शेतकरी बाईला रताळी काढताना काही जास्त लाल सालीची सापडली, तिने ती वेगळी ठेवली, पुढच्या वर्षी लावली, आणि जात झाली. वन्संना ही गोष्ट फार आवडली. "बाईच्याच लक्षात येणार," म्हणाल्या. "पुरुषाने टोपलीत टाकली असती."

सुनेचं माहेर बांद्याजवळ. ती ग्लास फिरवत थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्याकडे मे महिन्यात काजूच्या बागेत चालवत नाही. बोंडवांचा, काजूच्या फळांचा, नुसता चिखल असतो." बी पिरगाळून घ्यायची आणि बोंडू तिथेच टाकायचा. दोन दिवसांत आंबूस वास सुटतो, माश्या होतात. थोड्या बोंडवांचं सरबत होतं, थोडे गुरं खातात, बाकी मातीत. आणि पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात गेलं की त्याच बोंडवाची दारू होते, हुर्राक होते, फेणी होते. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. झाड तेच, पाऊस तोच, माती तीच. मध्ये एक लोखंडी दांडा. "बाबा दर वर्षी म्हणतात, याचं काहीतरी केलं पाहिजे. मी शाळेत होते तेव्हापासून म्हणतायत." लेकाने विचारलं, मग करत का नाहीत? ती म्हणाली, "परवान्याचे कागद तू कर." त्यावर तो गप्प बसला. माझा अर्धा ग्लास संपला होता, त्या दिवशी मी आणखी थोडी घेतली.

वन्सं इतका वेळ आमच्या तोंडाकडे बघत होत्या. "मग रताळ्याचीच आहे तर मला का नको?" त्यांनी विचारलं. टेबलावर शांतता. लेक म्हणाला, "आत्या, रताळं थोडंच असतं. बाकी माल्ट, म्हणजे जव." वन्संनी विचार केला. जव म्हणजे धान्य. "नाही चालत," म्हणाल्या, जणू एवढीच एक अडचण होती. मग पर्समधून लाडू काढता काढता लेकाला म्हणाल्या, "एक घरी घे. उद्या द्वादशी आहे."

घेतली. दुसऱ्या दिवशी वरण-भाताने पारणं सोडून झाल्यावर त्यांनी स्टीलच्या वाटीत ओतून दोन घोट घेतले. म्हणाल्या, कडू आहे, यापेक्षा जिरं-मिरची घालून कीस केला असता तर घरातल्या सगळ्यांना पुरला असता. उरलेली मी प्यायले. टाकून कशाला द्यायची?