शिंपल्यांचा ट्री व्ह्यू: जाती आता एकाखाली एक नाहीत

पावसाळा लागला की किनाऱ्यावरचं काम थांबतं आणि संगणकावरचं सुरू होतं. रत्नागिरीजवळच्या भाट्ये, मांडवी, काळबादेवी, आरे-वारे इथे सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी काढलेले शंखशिंपल्यांचे फोटो मी स्वतःच लिहिलेल्या एका डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये ठेवतो. सी शार्प ही भाषा आणि डब्ल्यूपीएफ ही विंडोज प्रोग्रॅमचे पडदे बांधायची मायक्रोसॉफ्टची सोय, बाकी काही नाही. मागच्या वेळी डेटा कसा साठवतो ते लिहिलं होतं. यंदा हात घातला तो पडद्यावरच्या झाडाला, म्हणजे फांद्या उघडत-मिटत जाणाऱ्या यादीला, ट्री व्ह्यूला.

वर्गीकरण पाच पातळ्यांचं आहे: वर्ग, कुल, वंश, जाती आणि जातीखाली तिची जुनी नावं. नेहमीचा ट्री व्ह्यू या पाचही पातळ्या एकाच पद्धतीने दाखवतो. प्रत्येक पातळी थोडी उजवीकडे सरकते आणि एकाखाली एक ओळी लागतात. गॅस्ट्रोपोडा, बायव्हाल्व्हिया, सेफॅलोपोडा ही वर्गांची नावं अशी उभी वाचायला काहीच हरकत नाही. पण जातीच्या पातळीवर आपण वाचत नाही, बघतो. हातातला शिंपला आणि पडद्यावरचे पाच-सहा फोटो यांच्यात नजर सारखी फिरत असते, आणि ते फोटो शेजारी शेजारी असले तरच तुलना होते. १३६६ बाय ७६८च्या लॅपटॉपवर फोटोसकट उभी यादी लावली तर एका वेळी जेमतेम पाच जाती दिसतात. तिसऱ्या म्हणून आपण खातो त्या शिंपल्यांच्या व्हेनेरिडी कुलात, जिथे दोन जातींमधला फरक कवचावरच्या रेघांवर ठरतो, तिथे एवढ्यावर ओळख पटवणं अशक्यच.

म्हणून मी ठरवलं की वर्ग आणि कुल उभेच राहतील, वंशाचं नाव डावीकडे एका पट्टीत येईल, त्याच्या उजवीकडे जातींचे फोटो चौकटीचौकटीने मांडले जातील, आणि जुनी नावं चौकटीच्या तळाशी बारीक अक्षरात बसतील. झाड तेच, पण प्रत्येक पातळीची मांडणी तिच्या कामाप्रमाणे.

हे जमतं याचं कारण डब्ल्यूपीएफमधला ट्री व्ह्यू आयटेम, म्हणजे झाडातली एक नोंद किंवा नोड, हा स्वतःच एक आयटेम्स कंट्रोल (पोटात यादी ठेवणारा घटक) आहे. त्याला शीर्षक आहे, पोटात मुलं आहेत आणि ती मुलं कशी मांडायची हे सांगणारा स्वतःचा आयटेम्सपॅनेल आहे. म्हणजे मांडणीचा निर्णय अख्ख्या झाडाचा नसून प्रत्येक फांदीचा असतो. विंडोज फॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या पद्धतीच्या ट्री व्ह्यूत ओळीची उंचीसुद्धा सगळ्या झाडाला एकच असते. क्यूटी या दुसऱ्या साधनसंचाच्या क्यू ट्री व्ह्यूमध्ये डेलिगेट (ओळ रंगवणारा कोड) लिहून ओळीची उंची आणि रंगरूप हवं तसं करता येतं, इंडेंटेशनही (ओळ किती आत सरकते ते) बदलता येतं, पण त्याचा पाया ओळींचाच राहतो. मुलं आडवी पसरून पुढच्या रांगेत वळवणं हे त्याच्या स्वभावात नाही.

आता प्रत्यक्ष काम. प्रत्येक पातळीला माझा वेगळा क्लास आहे, त्यामुळे प्रत्येकासाठी वेगळं हायरार्किकल डेटा टेम्प्लेट (नोंद आणि तिची मुलं कशी दाखवायची याचा साचा) आपोआप लागतं. पण या टेम्प्लेटमध्ये आयटेम्सपॅनेल सांगायची सोय नाही. ती सोय आयटेम कंटेनर स्टाईलमधून (मुलांच्या नोडना लागणाऱ्या सेटिंगच्या संचातून) मिळते, आणि ही स्टाईल नेहमी एक पायरी वर लिहावी लागते. वंशाच्या नोडची स्टाईल कुलाच्या टेम्प्लेटमध्ये, जातीच्या नोडची वंशाच्या टेम्प्लेटमध्ये. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं. वंशाच्या स्टाईलमध्ये आयटेम्सपॅनेल म्हणून रॅपपॅनेल (आडवं मांडून जागा संपली की पुढच्या रांगेत वळणारा) दिला आणि चौकटी लागल्या.

मात्र या स्टाईलचा एक गुण लक्षात ठेवा: मधे कुणी अडवलं नाही तर ती खाली वाहत जाते. वंशाच्या टेम्प्लेटमध्ये जातीसाठी वेगळी स्टाईल दिली नाही, तर वंशाचीच स्टाईल जातीला लागते आणि जुनी नावंही चौकटीत जाऊन बसतात. कवडीचंच बघा. लिनिअसने १७५८ साली तिचं नाव सिप्रिआ मोनेटा ठेवलं, आज ती मोनेटारिआ मोनेटा म्हणून ओळखली जाते. जुनं नाव शोधाच्या सोयीसाठी झाडात हवंच, पण त्याला फोटोची चौकट कशाला? म्हणून प्रत्येक पातळीवर स्टाईल स्पष्ट लिहायची. जातीच्या स्टाईलमध्ये साधा स्टॅकपॅनेल दिला की नावं मुकाट्याने एकाखाली एक येतात.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा भाग कंट्रोल टेम्प्लेटचा, म्हणजे नोडचं रूप ठरवणाऱ्या साच्याचा. मूळ टेम्प्लेटची प्रत काढून बघा. त्यात एक ग्रिड आहे. डावीकडे फांदी उघडमीट करायच्या बाणाचा कॉलम, किमान १९ रुंदीचा. त्याच्या शेजारी शीर्षक, आणि खालच्या रांगेत आयटेम्स प्रेझेंटर (मुलांची जागा), तोही दुसऱ्या कॉलमपासून सुरू होणारा. आपण ज्याला इंडेंटेशन म्हणतो ते कुठे मोजलेलं नसतंच, प्रत्येक पातळी आईच्या दुसऱ्या कॉलमात बसते म्हणून ती आपोआप आत सरकते. त्यामुळे आयटेम्स प्रेझेंटर पहिल्या कॉलमात आणला की इंडेंटेशन नाहीसं. शीर्षकाच्याच रांगेत उजवीकडे ठेवला की वंशाची पट्टी तयार. चौकटींना बाण लागत नाही. मूळ टेम्प्लेटमध्ये मुलं नसलेल्या नोडचा बाण फक्त अदृश्य होतो, जागा मात्र अडवून ठेवतो. चौकटीच्या टेम्प्लेटमधून तो कॉलमच काढून टाकला.

रॅपपॅनेल लावूनही चौकटी वळत नसतील, एकाच रांगेत उजवीकडे पळत सुटत असतील, तर आडवा स्क्रोलबार बघा. तो आपोआप दिसण्याच्या सेटिंगवर असला की आतल्या पॅनेलला रुंदी अमर्याद आहे असं वाटतं, मग तो वळेल कशाला? ट्री व्ह्यूवर आडवा स्क्रोल पूर्ण बंद केला की चौकटी खिडकीच्या रुंदीप्रमाणे वळतात. लांब नावं मग कापली जातात, त्यांना शेवटी तीन टिंबं येतील अशी सोय केली.

माऊस वर नेल्यावर चौकट उजळावी असं वाटत होतं. तिथे सरळ नोडच्या ‘माऊस वर आहे का’ या गुणावर ट्रिगर (अट पुरी झाली की रूप बदलणारा नियम) लावला तर जातीबरोबर वंश, कुल, वर्ग अशी पूर्वजांची सगळी रांग उजळते, कारण मुलं दिसायला आईच्या पोटातच असतात आणि माऊस मुलावर असला की तो आईवरही असतो. ट्रिगरला सोर्सनेम देऊन शीर्षकाभोवतीच्या बॉर्डरचं नाव सांगितलं की फक्त तीच चौकट उजळते.

आता फोटो. माझ्या कॅमेऱ्याचा फोटो ४००० बाय ३०००चा. पिक्सेलला ४ बाइट धरले तर उघडल्यावर तो मेमरीत ४ कोटी ८० लाख बाइट घेतो, मग चौकट कितीही लहान असो. फोटो उघडणाऱ्या बिटमॅपइमेजला डिकोडपिक्सेलविड्थ (किती रुंदीला उघडायचं) २०० दिली की तोच फोटो १ लाख २० हजार बाइटमध्ये बसतो. चौकट १६० रुंदीची आहे, पण पडद्याचं स्केलिंग १२५ टक्के असल्याने २००. फक्त रुंदीच द्यायची, उंची प्रमाणात आपोआप येते. या एका ओळीने जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम वापरण्यासारखा झाला.

व्हर्च्युअलायझेशन (पडद्यावर दिसतात तेवढेच नोड तयार करणं) ट्री व्ह्यूत मुळात बंद असतं, ते मुद्दाम चालू करावं लागतं, आणि रॅपपॅनेलला तर ते येतच नाही. पण मिटलेल्या फांदीतले नोड तयारच होत नाहीत, त्यामुळे मला अडचण आली नाही. हजारो जातींचा संग्रह असेल त्यांनी मात्र आधी याचा विचार करावा.

एका बाबतीत हे नवं रूप माझ्या अपेक्षेपेक्षाही पुढे गेलं. अंबोनियम व्हेस्टिएरियम हा शर्टाच्या बटणाएवढा शंख, ट्रोकिडी कुलातला. एकाच जातीत पांढरा, गुलाबी, तपकिरी, राखाडी, नागमोडी पट्ट्यांचा असे इतके रंग की नवख्याला त्या वेगवेगळ्या जातीच वाटाव्यात. त्या जातीच्या चौकटीत आता एका फोटोऐवजी रंगभेदांची छोटी जाळी आहे. उभ्या यादीत हे रंग मी कधी एकत्र बघितलेच नव्हते. शेजारी शेजारी आल्यावर दिसलं की रंग बदलतो, पण खालच्या बाजूचा तो गुळगुळीत जाड गोल सगळ्यांत तसाच आहे. ओळखायची खूण तीच.

संरक्षित जातींच्या चौकटीला कोपऱ्यात लाल त्रिकोण दिला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली काही शंखही येतात. कुणी नवखा माझ्या संगणकावर हे चाळायला बसला तर त्याला ते नावाआधी दिसलं पाहिजे.

पुढचं काम बाणांच्या कळांचं. ट्री व्ह्यूत डावा-उजवा बाण फांदी मिटण्या-उघडण्यासाठी असतो, चौकटींत मात्र तो शेजारच्या फोटोवर गेला पाहिजे. कळ दाबल्याची खबर झाडाच्याही आधी देणाऱ्या प्रीव्ह्यू की डाऊनमध्ये जातीच्या पातळीपुरतं वेगळं वागवायचं असा बेत आहे, पण रांगेच्या शेवटच्या चौकटीवर उजवा बाण दाबला तर पुढच्या रांगेत जावं की तिथेच थांबावं हे ठरत नाही. मला पुढच्या रांगेत जाणं बरं वाटतं. कुणी हे आधी केलं असेल तर तुमच्याकडे काय ठेवलंत ते कळवा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, लिहून टाकीन.