गरोदरपण, तान्हं बाळ आणि घरातली माऊ : माझा अनुभव

दिवस गेल्याचं कळल्यावर बहुतेकांनी पहिला सल्ला दिला तो माऊला कुणाकडे तरी देऊन टाकण्याचा. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि प्राण्यांचे डॉक्टर, दोघांनाही विचारलं. मांजर घराबाहेर काढा असं दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही. बाळ रांगायला लागेपर्यंत आम्ही काय पाळलं आणि का, ते सविस्तर लिहिते.

भीती असते ती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची. गरोदरपणात आईला त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर ती गर्भापर्यंत पोचू शकते आणि बाळाच्या डोळ्यांना व मेंदूला इजा होऊ शकते. मांजराला तो उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाण्यातून लागतो. पहिल्या लागणीनंतर साधारण १ ते ३ आठवडे त्याचे सूक्ष्म कोश मांजराच्या शीतून बाहेर पडतात, पुढे सहसा पडत नाहीत. ताज्या शीतले कोश लगेच लागण करत नाहीत, त्यांना पक्व व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून शी २४ तासांच्या आत उचलली की धोक्याची मुख्य वाट बंद होते. घरातच राहणारं, कोरडं किंवा शिजवलेलं अन्न खाणारं मांजर मुळातच कमी धोक्याचं. त्याला कुरवाळल्याने लागण होण्याची शक्यता तर फारच कमी.

सुरुवातीच्या तपासण्यांत रक्तातल्या टॉक्सोप्लाझ्माविरुद्धच्या आयजीजी आणि आयजीएम या अँटिबॉडी (लागणीशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं) बघतात. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह म्हणजे जुनी लागण, सहसा काळजीचं कारण नाही. दोन्ही निगेटिव्ह म्हणजे संरक्षण नाही, पथ्य काटेकोर पाळायचं. आयजीएम पॉझिटिव्ह आलं की लोक हादरतात, पण ते जुन्या लागणीनंतरही कित्येक महिने तसंच दिसू शकतं. तेव्हा अ‍ॅव्हिडिटी चाचणी करतात, म्हणजे आयजीजी त्या परजीवीला किती घट्ट चिकटतात ते बघतात. पहिल्या तिमाहीत ती 'हाय' आली तर लागण बहुधा गरोदरपणाच्या आधीची असते. रिपोर्ट स्वतः वाचून निष्कर्ष काढू नका, आणि तो बघून मांजर सोडून तर मुळीच देऊ नका.

माऊच्या शी-शूच्या ट्रेचं काम नवऱ्याकडे गेलं. त्यात बेंटोनाइटची लिटर (ओल शोषून गोळे होणारी माती) ५ ते ७ सेंटीमीटर जाड पसरायची, दिवसातून दोनदा खोऱ्याने गोळे उचलून पिशवीची गाठ मारून टाकायचे, आठवड्याला सगळी लिटर बदलायची. रिकामा ट्रे उकळत्या पाण्याने धुवायचा, कारण हे कोश ब्लीचला दाद देत नाहीत, उकळत्या पाण्याने मात्र मरतात. फिनेल किंवा पाण्यात पांढरी होणारी जंतुनाशकं तिथे वापरू नयेत, मांजरांना ती विषारी असतात. घरात दुसरं कुणी नसेल तर गरोदर बाईने हातमोजे आणि मास्क लावून रोज हे काम करावं, मग साबणाने हात धुवावेत. एक दिवसाआड करून चालत नाही.

स्वयंपाकघराकडे मात्र कुणी बोट दाखवत नाही, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. लागण मांसातून आणि मातीतूनही होते. कच्च्या खिम्याचं मीठ-तिखट चाखू नये. मटण कुकरमध्ये पूर्ण शिजवावं, आतून गुलाबी राहिलेला कबाब टाळावा. मटण कापलेल्या पाटावर आणि त्याच सुरीने काकडी-टोमॅटो चिरू नयेत. मेथी-कोथिंबिरीच्या मुळांना माती असते, ती आधी कापून टाकावी आणि पानं दोन-तीन पाण्यांतून काढून मग नळाखाली धुवावीत. बाल्कनीतल्या कुंड्यांत बाहेरची मांजरं शी करून जातात आणि ओल्या मातीत हे कोश वर्षभरही टिकतात. कुंड्यांना हात लावताना हातमोजे हवेतच.

माऊला घराबाहेर सोडणं बंद केलं, कच्चं मांस बंद केलं, जंताचं औषध आणि रेबीजची लस वेळेवर दिली. पिसवांचं औषध डॉक्टरांना विचारूनच लावा. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि त्याने मांजराला झटके येऊन ते दगावू शकतं. नातेवाइकांकडून आलेल्या झबल्या-दुपट्यांतल्या डांबरगोळ्याही काढून टाका, त्या मांजराला आणि तान्ह्या बाळालाही घातक असतात.

पाळणा बाळ येण्याच्या खूप आधी बांधला. मऊ, उबदार, झुलणारी जागा मांजराला हवीच असते. आत चढायला लागली तेव्हा गादीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावलेला पुठ्ठा ठेवला, पंजा चिकटला की ती मागे फिरायची. बाळाच्या रडण्याचा आवाज फोनवर आधी अगदी हळू, मग थोडा मोठा करत ऐकवला आणि प्रत्येक वेळी खाऊ दिला. बाळ घरी आणण्याआधी त्याचं वापरलेलं दुपटं तिला हुंगायला दिलं.

मांजर बाळाचा श्वास ओढून घेतं ही समजूत खोटी. पण ऊब शोधत तोंडाशी येऊन झोपलं तर बाळ गुदमरू शकतं, हा धोका खरा आहे. बाळ झोपलेलं असताना दोघांना एका खोलीत एकटं ठेवायचं नाही. मच्छरदाणीवर भरवसा नको, ती मांजराच्या वजनाने खाली दबते. आम्ही खोलीच्या चौकटीला जाळीचं दार बसवलं. बाळ रांगायला लागलं की ट्रे आणि खाण्याची वाटी त्याचा हात पोचणार नाही अशा जागी हलवा, पण माऊला तिथे जाता आलं पाहिजे. नाहीतर ती कोपऱ्यात शी-शू करू लागते.

नखं दर दोन आठवड्यांनी, फक्त पांढरं टोक कापायचं, गुलाबी भागात रक्तवाहिनी असते. तरीही चावा किंवा रक्त येणारा ओरखडा झाला तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. हळद-चुना लावू नका. रेबीजची लस गरोदर बाईला, बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळालाही देता येते.